तीनशे डीपीआयचा हट्ट

दिवाळी अंक असो, लग्नाचा अल्बम असो की चौकातला फ्लेक्स, फोटो मागताना एक वाक्य ठरलेलं असतं: 'तीनशे डीपीआयचा पाठवा.' मग पाठवणारा फोटोशॉप उघडतो, रेझोल्यूशनच्या चौकटीतला ७२ हा आकडा खोडून तिथे ३०० लिहितो, फोटो सेव्ह करतो आणि तो आता छपाईजोगा झाला असं समजतो. तो झालेला नसतो. तरीही हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की चांगले फोटो '७२चा आहे' म्हणून नाकारले जातात आणि टाकाऊ फोटो '३००चा आहे' म्हणून छापले जातात.

डिजिटल फोटोला इंचांतली लांबी-रुंदी नसतेच, त्यात असतात फक्त पिक्सेल. डीपीआयचा आकडा म्हणजे फाइलसोबत असलेली एक नोंद: छापताना एका इंचात इतके पिक्सेल बसवा. फोटो किती मोठा छापला जाणार हे कॅमेऱ्याला कुठून कळणार? म्हणून एक्झिफ मानकातच सांगून ठेवलं आहे की हा आकडा माहीत नसेल तर ७२ लिहावा. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोवर ७२ लिहिलेलं असो वा ३००, त्यातले एक कोटी वीस लाख पिक्सेल तेच राहतात, आणि तो सुमारे १३ बाय १० इंचांपर्यंत उत्तम छापता येतो. उलट ६०० बाय ४०० पिक्सेलच्या फोटोवर ३०० लिहिलं, तर तो दोन इंच रुंदीपुरताच चांगला. हे तपासायला फोटोची माहिती उघडून पिक्सेलची संख्या बघायची आणि तिला तीनशेने भागायचं, एवढंच पुरतं.

खरं नुकसान होतं ते त्याच चौकटीतल्या 'रीसॅम्पल' या खुणेमुळे. ती काढून आकडा बदलला तर फक्त नोंद बदलते, काही बिघडत नाही. ती तशीच ठेवून ७२चे ३०० केले, तर सॉफ्टवेअर पिक्सेलची संख्या सतरा पटींनी वाढवतं. वाढीव पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरलेले असतात. फाइल जड होते, चेहरा मात्र मऊ आणि मेणचट दिसू लागतो.

यावर छापखान्याची बाजू अशी की तीनशेचा नियम त्यांनी हवेतून काढलेला नाही. ते बरोबरच आहे. निरोगी डोळ्याला साधारण अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनापर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. हातातला कागद ३० सेंटिमीटरवर धरला तर हे प्रमाण इंचाला सुमारे २९० ठिपके होतं. शिवाय ऑफसेटला इंचामागे १५० रेषांची स्क्रीन वापरली, तर रेषेमागे दोन पिक्सेल या हिशेबानेही तीनशेच येतात. म्हणजे नियम आहे तो छापील आकाराच्या प्रत्येक इंचामागे किती पिक्सेल हवेत याचा. फाइलवरच्या नोंदीशी त्याचा संबंध नाही. तोही हातात धरून बघायच्या कागदापुरता. तीन मीटरवरून बघायच्या फ्लेक्सला इंचामागे तीस पिक्सेल पुरतात. दहा फूट रुंद फ्लेक्सला ३६०० पिक्सेल झाले, म्हणजे बारा मेगापिक्सेलच्या साध्या मोबाइलचा फोटोही चालतो. तिथे तीनशेचा हट्ट धरून शेकडो एमबींची फाइल बनवणं हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे.

'पण आता एआय फोटो मोठा करून देतं ना?' देतं, आणि पान-फुलं, भिंत, आकाश असेल तर खपूनही जातं. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र सावध राहायलाच हवं. २०२० साली 'पल्स' नावाच्या प्रणालीला बराक ओबामांचा धूसर केलेला फोटो दिला, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा सुस्पष्ट चेहरा तयार केला. नसलेला तपशील परत आणता येत नाही, त्याच्या जागी दुसरा रचला जातो. दिवंगत आजोबांचा भिंतीवर लावायचा फोटो असा 'सुधारून' घेतला, तर चौकटीत दिसणारे डोळे आणि ओठ त्यांचे असतीलच असं नाही. घरच्यांना हे सांगण्याची जबाबदारी फोटो दुरुस्त करून देणाऱ्याची आहे.

जुन्या कागदी फोटोसाठी डीपीआयला खरोखर किंमत आहे ती स्कॅन करताना, कारण तिथे कागदाच्या प्रत्येक इंचातून किती पिक्सेल उचलायचे हे ठरतं. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा पासपोर्ट फोटो ३००वर स्कॅन केला तर जेमतेम ४१३ बाय ५३१ पिक्सेल मिळतात; ६००वर त्याच्या दुप्पट, म्हणजे ८२७ बाय १०६३. तेवढ्यात मीटरभर अंतरावरून बघायची सात इंच उंचीची प्रत नीट निघते. त्याच फोटोचा मोबाइलने घेतलेला तिरका, ट्यूबलाइटची चकाकी पडलेला फोटो घेऊन स्टुडिओत जाण्यापेक्षा मूळ कागदच घेऊन जावं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. जेपेग नुसती उघडून बघितल्याने झिजत नाही. बदल करून पुन्हा सेव्ह केल्यावर झिजते, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवावी. जेपेगची पीएनजी केल्याने गेलेला तपशील परत येत नाही. शार्पन केल्याने कडा उठून दिसतात, हललेला फोटो स्थिर होत नाही. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊनच पोचतो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. आणि छपाईसाठी फोटो घरीच सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीत बदलून ठेवू नये. छापखान्याचं प्रोफाइल माहीत नसताना केलेल्या रूपांतरात झळझळीत निळे-हिरवे रंग एकदा मळले, की पुन्हा आरजीबी करूनही ते परतत नाहीत.