होडीतला एक दिवस : डॉल्फिन, किल्ला आणि पोहण्याचा थांबा

सहामाही परीक्षा संपत आली की शिक्षकांच्या खोलीत आणि शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांमध्ये एकच विषय सुरू होतो, सुटीत कुठे जायचे? आपल्या बेळगावात त्याचे उत्तर बरेचदा ठरलेले असते. पहाटे निघायचे, आंबोली घाट उतरायचा, सावंतवाडी आणि कुडाळ मागे टाकून मालवण गाठायचे. पूर्वी लोक किल्ला पाहत, मासे जेवत आणि संध्याकाळी वाळूत बसत. आता मालवण, तारकर्ली, देवबाग येथे दिवसभराची होडीची सहल मिळते. डॉल्फिन, सिंधुदुर्ग किल्ला, स्नॉर्केलिंग आणि दुपारी वाळूच्या बेटावर पाण्यात डुंबणे असा तिचा साधारण क्रम असतो. सुटीनंतर वर्गात निबंध लिहायला सांगितला की निम्म्या वह्यांत हीच होडी येते.

तरीही काही पालक समुद्राचे नाव काढताच गप्प होतात, आणि त्याला कारण आहे. १५ एप्रिल २०१७ ही तारीख बेळगाव विसरलेले नाही. त्या दिवशी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर आपल्या शहरातील एका महाविद्यालयाचे आठ जण समुद्रात बुडाले. पुढे २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. अशा बातम्यांनंतर 'मुलांना पाण्याजवळ नेऊच नका' असे म्हणणे सोपे असते. पण आपण नेले नाही तरी मुले मोठी होऊन मित्रांबरोबर जातातच, आणि तेव्हा त्यांच्यासोबत काही जाणणारे कोणी नसते. म्हणून या अंकात होडीच्या सहलीविषयी, आणि त्यातही होडी थांबते व माणसे पाण्यात उतरतात त्या अर्ध्या-पाऊण तासाविषयी, जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी दिवस कोणता निवडावा हे पाहू. कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटीसाठी इंटरनेट लागत नसे, कारण त्याच्याकडे पंचांग होते. मुलांनो, हा हिशेब तुम्हालाही करता येईल. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा वद्य, रीत तीच. हा ठोकळ हिशेब आहे आणि तासभर मागेपुढे होतो, म्हणून नेमकी वेळ तिथल्या माणसाला विचारावी. पण होडीवाल्याने 'अमुक वाजता या' म्हटले तर तो तसे का म्हणतो, हे तुम्हाला कळेल. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, म्हणून हे गणित जमते.

अमावास्या आणि पौर्णिमेला चंद्र-सूर्याचे ओढणे एका रेषेत येते व पाणी सर्वांत जास्त चढते-उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही चढउतार कमी असते, त्याला भांग म्हणतात. पाणी जितके जास्त चढणार-उतरणार, तितका प्रवाह जोराचा. म्हणून मुलांना घेऊन पोहायला जायचे तर उधाणाचे दोन-तीन दिवस टाळलेले बरे. शिवाय सकाळी भरतीच्या शेवटी पाणी थबकलेले असते तेव्हा स्नॉर्केलिंग आणि दुपारी ओहोटीला वाळूचे बेट असे दोन्ही साधायला दशमी-एकादशी चांगली. एकादशीला सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती आणि दुपारी सव्वादोनला ओहोटी. मात्र ज्या घरात एकादशी पाळतात, त्यांनी मालवणला जाऊन माशांच्या ताटाकडे नुसते पाहत बसण्यापेक्षा दशमीच धरावी!

ऋतूचे म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाणी शांत आणि नितळ असते. मे महिन्याच्या उत्तरार्धात शाळेला सुटी असते खरी, पण वारा फिरलेला असतो, लाटा उंचावतात आणि पाणी गढूळ होते. पावसाळ्यात ही प्रवासी वाहतूक बंदच असते. मे अखेरीला 'शेवटची संधी, दर निम्मा' असे कोणी म्हणाले तर तो स्वस्ताईचा मोह आवरावा.

सहलीची सुरुवात बहुधा डॉल्फिनपासून होते, कारण सकाळी समुद्र सपाट असतो आणि वर आलेली पाठ लांबून दिसते. आपल्या किनाऱ्यालगत दिसणाऱ्या डॉल्फिनच्या पाठीवर उंचवटा असतो आणि त्यावर लहानसा कल्ला. सर्कशीतल्यासारख्या उड्या मारताना ते फारसे दिसत नाहीत. पाठ वर येते, श्वास सोडल्याचा फुस्स आवाज होतो आणि पाठ पुन्हा खाली जाते. मासा नसून सस्तन प्राणी असल्याने त्याला श्वासासाठी वर यावेच लागते. होडी त्याच्या मागे पळवली की तो बिचकतो व लांब जाऊन वर येतो. इंजिन मंद करून बाजूला थांबले तर तो आपणहून जवळून जातो. 'अजून जवळ घ्या' असा आरडाओरडा बहुतेक वेळा आपणच करतो आणि दोष मात्र होडीवाल्याला देतो.

मग किल्ला. सिंधुदुर्गाची पायाभरणी शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर केली आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. किल्ल्याचे क्षेत्र सुमारे अठ्ठेचाळीस एकर आणि तट जवळजवळ तीन किलोमीटर, नागमोडी वळणे घेत जाणारा. महादरवाजा अशा खुबीने वळवलेला की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. चहूबाजूंनी खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. हे सगळे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात असतेच. पुस्तकात नसलेली गोष्ट म्हणजे होडीतून जाताना आजूबाजूला दिसणारी खडपे. काही पाण्याबाहेर, बरीचशी पाण्याखाली. त्यांच्यामधून नेमकी वाट काढत जाणारा तांडेल पाहिला की महाराजांनी हीच जागा का निवडली, ते एका वाक्यात कळते. मोठे जहाज येथे सहज येऊ शकत नाही.

आणि याच खडपांवर पाण्याखालची बाग आहे. मालवणचा हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. येथे प्रवाळ आहेत, अंगावर पट्टे असलेले, निळे-पिवळे, पोपटासारखी चोच असलेले मासे आहेत. होडी येथे थांबते, इंजिन बंद होते, आणि आपला खरा विषय सुरू होतो.

पोहायला येते म्हणजे समुद्रात पोहायला येते, असे नाही. तलावात तळ दिसतो, काठ हाताशी असतो आणि दमले की कठडा धरता येतो. विहिरीत पाणी जागचे हलत नाही. समुद्रात आपण स्थिर राहिलो तरी पाणी आपल्याला घेऊन जात असते. पाच मिनिटे खाली मान घालून मासे पाहिले आणि मान वर केली, की होडी भलत्याच बाजूला दिसते. घाबरायचे पहिले निमित्त हेच. म्हणून मार्गदर्शक सहसा रबरी रिंग किंवा दोरी धरायला देतात. ती सोडायची नाही, मग तुम्ही आंतरशालेय स्पर्धेत पदक मिळवलेले असले तरी.

दुसरी गोष्ट लाईफ जॅकेटची. माणसाचे शरीर पाण्याच्या जवळजवळ तेवढ्याच घनतेचे असते. फुप्फुसात हवा असेल तर आपण जेमतेम तरंगतो, पण नाक पाण्याबाहेर राहील एवढे नाही. डोके वर ठेवायला अगदी थोड्या जास्तीच्या प्लावक बलाची गरज असते आणि जॅकेट तेवढेच पुरवते. पण ते अंगाला घट्ट बसले तरच. मोठ्या माणसाचे जॅकेट मुलाला घातले तर पाण्यात पडताच जॅकेट वर सरकते आणि मूल खाली. तपासायची रीत सोपी आहे. सर्व बकले लावून मुलाच्या खांद्यावरचे पट्टे धरून वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर गेले तर ते त्याचे नव्हे, दुसरे मागा. काही वर्षांपूर्वी आम्ही घरची मंडळी एका ठिकाणी गेलो असता पाच जॅकेटांपैकी दोघांची बकले तुटलेली निघाली. 'काही होत नाही सर, गाठ मारा' असे उत्तर मिळाले. आम्ही पैसे दिलेले होते, मुले रुसली होती, आणि खरे सांगायचे तर मलाही भीड पडली. ती ओलांडून उतरायला मला जितका वेळ लागला, तो आठवला की आजही ओशाळायला होते. शेजारच्या होडीत धडकी जॅकेटे मिळाली आणि सहल झालीच.

मास्क नीट बसतो का, हे पाहण्यासाठी पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात काढल्यावरही चिकटून राहिला तर पाणी शिरणार नाही. मध्ये केस येऊ देऊ नयेत. श्वास नळीतून, म्हणजे तोंडानेच घ्यायचा. नव्या माणसाला याची सवय व्हायला पाच-दहा मिनिटे लागतात, म्हणून आधी होडीची शिडी धरून तोंड पाण्यात घालून पाहावे. दहावीच्या मुलांनी एक गंमत अनुभवावी. मास्कमधून मासा खऱ्यापेक्षा मोठा आणि जवळ दिसतो. पाण्यातून मास्कमधल्या हवेत येताना प्रकाशाचे अपवर्तन होते त्याचा हा परिणाम. हात पुढे करावा तर मासा अजून लांबच!

प्रवाळावर मात्र पाय टेकू नये. तो दगड दिसतो, पण सजीव आहे आणि अतिशय हळू वाढतो. त्याचा तुकडा आणणे हा कायद्याने गुन्हा आहे. मासे जमावेत म्हणून पाव टाकणेही टाळावे.

होडी उलटण्याविषयी बरेच गैरसमज आहेत. होडीचे वजन गुरुत्वमध्यातून खाली आणि पाण्याचे प्लावक बल वर, अशी ही दोन बलांची जोडी असते. सगळे बसलेले असताना गुरुत्वमध्य खाली असतो. होडी थोडी कलली तर पाणी तिला पुन्हा सरळ करते. सगळे एकदम उभे राहिले की गुरुत्वमध्य वर जातो, आणि 'तो बघा मासा' म्हणून एका बाजूला धावले की तो त्या बाजूला सरकतो. मग तेच पाणी होडीला सरळ करण्याऐवजी आणखी कलवते. क्षमतेपेक्षा जास्त माणसे असली तर काठ आधीच पाण्याच्या जवळ आलेला असतो, त्यामुळे एखादी लाट पुरते. म्हणून होडीवर लिहिलेला प्रवाशांचा आकडा वाचावा आणि माणसे मोजावीत. लहान मूलही मोजावे.

पाण्यातून परत होडीत चढणे हे उतरण्यापेक्षा कठीण असते. हात थकलेले, कपडे जड, होडी हलती. शिडी नसेल तर मोठ्या माणसालाही जमत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी 'शिडी आहे का?' हा प्रश्न विचारावाच. शिडीजवळ माणसे असताना इंजिन सुरू होता कामा नये, आणि होडी हलण्यापूर्वी डोकी मोजायची. शाळेची सहल असेल तर हे काम एकाच शिक्षकाकडे द्यावे आणि त्यांनी स्वतः पाण्यात उतरू नये. विश्वस्त मंडळींना विनंती आहे की सहलीच्या परवानगीच्या अर्जात 'पोहता येते का' एवढेच न विचारता 'कुठे शिकला' हेही विचारावे. बुडणारा माणूस ओरडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तोंड पाण्यात असताना हाक कशी मारणार? मूल अचानक गप्प झाले, नजर हरवली, की लगेच जवळ जावे.

दुपारचा थांबा देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तेथे. ओहोटीला वाळूचा उंचवटा उघडा पडतो, त्याला त्सुनामी बेट असे नाव पडले आहे. गुडघाभर पाण्यात मुले खेळतात, फार मजा येते. पण नदीमुखाशी ओहोटीचे पाणी नदीच्या पाण्यासह समुद्राकडे धावत असते, आणि वाळूची कड संपते तेथे एका पावलात खोल होते. त्यामुळे येथे कडेपासून दूर, मधोमध खेळावे. भरती फिरली की हाक येते, 'चला, पाणी येता'. ती आली की मग 'एकच फोटो' नको.

किरकोळ गोष्टी थोडक्यात. होडी लागत असेल तर रिकाम्या पोटी जाऊ नये आणि भरल्या पोटीही नाही. इंजिनाच्या धुरापासून दूर बसून क्षितिजाकडे पाहावे, आलेपाकाची वडी खिशात असावी. स्नॉर्केलिंग करताना पाठ तासभर उन्हात असते, म्हणून जुना पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालावा. पिण्याचे पाणी आपले न्यावे आणि बाटल्या परत आणाव्यात. ओठ निळे पडलेल्या मुलाला 'अजून पाच मिनिटे' देऊ नयेत, पंचा गुंडाळून बसवावे.

परतीच्या वाटेवर सगळे थकलेले असतात. ओले जॅकेट टोचते, धक्का समोर दिसत असतो, आणि मुले बकले सोडू लागतात. २०२२ ची ती होडीही परतीच्याच वाटेवर होती. जॅकेट धक्क्यावर पाय टेकल्यावर काढायचे. मग अंघोळ, मीठ बसलेले मास्क स्वतःचे असतील तर गोड्या पाण्याने धुणे, आणि त्यानंतर ज्याच्या घरी जे चालते ते जेवण.