चाकणच्या चौकात पोलिसांनी गाडी थांबवली तर

पुणे-नाशिक महामार्गावर चाकणच्या तळेगाव चौकात शिफ्ट सुटते तेव्हा कंटेनर, कामगारांच्या बस आणि दुचाकी एकमेकांना खेटून चालतात. अशा वेळी वाहतूक पोलिसाने हात केला म्हणून जागच्या जागी ब्रेक दाबला, तर मागच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते. आधी इंडिकेटर द्यावा, गाडी हळूहळू डावीकडे घ्यावी, मग इंजिन बंद करून हँडब्रेक ओढावा. थांबण्याचा इशारा जाणूनबुजून धुडकावला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७९ नुसार २००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हा पट्टा १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहे. कायदा मात्र देशभर एकच, १९८८ चा. गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाने मागितल्यास लायसन्स दाखवावेच लागते. शिवाय आरसी, विमा आणि पीयूसी हाताशी हवेत; मालवाहू गाडीला परमिट आणि फिटनेसही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रे ग्राह्य आहेत, पण व्हॉट्सॲपवर आलेला लायसन्सचा फोटो त्यांची जागा घेत नाही. खरी अडचण ट्रकचालकांची होते. गाडीचे कागद मालकाच्या मोबाइलमध्ये आणि मालक दुसऱ्या शहरात! कंपनीच्या गेटातून माल घेऊन निघण्यापूर्वीच चालकाने ते मागून घ्यावेत.

दारू प्यायल्याचा संशय असेल, तर पोलीस श्वासचाचणी घेऊ शकतात. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. ती ओलांडल्यास पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. चाचणीला नकार देऊन सुटका होत नाही, उलट अटक होऊ शकते.

दंड ई-चलनाने आकारला जातो आणि तो गाडीच्या नंबरवर नोंदवला जातो. त्यामुळे मेसेज मालकाला जातो, चालकाला कळतही नाही. म्हणून कोणत्या कलमाखाली किती दंड झाला, हे चालकाने तिथेच विचारून घ्यावे. हा त्याचा हक्क आहे, आणि सभ्यपणे विचारलेल्या प्रश्नाला उद्धटपणा समजू नये. चलन न करता रोख रक्कम मागितली गेली, तर ती देऊ नये.

लायसन्स ठेवून घेतले तर पोचपावती मिळालीच पाहिजे. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. एरवी कलम २०६ खालची पोचपावती लायसन्स परत मिळेपर्यंत गाडी चालवायला पुरते. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर भरधाव किंवा धोकादायक गाडी चालवणे, दारू पिऊन चालवणे, हेल्मेट नसणे अशा गुन्ह्यांत लायसन्स जप्त झाले, तर त्या पोचपावतीवर गाडी चालवता येत नाही. विनालायसन्स, विनानोंदणी किंवा विनापरमिट गाडी सापडल्यास कलम २०७ खाली गाडीच अडकवली जाते. ती सोडवायला कागद घेऊन संबंधित कार्यालयात जावे लागते.