ब्रेक दाबलेला, गाडी डीमध्ये

"सिग्नलला उभी राहिली की सगळी गाडी थरथरते," एवढं सांगून मालक हडपसरच्या एका गॅरेजातल्या बाकड्यावर टेकले. आधी एका ठिकाणी प्लग बदलून झाले होते, थ्रॉटल बॉडी धुऊन झाली होती. पैसे गेले, थरथर तशीच. मिस्त्रींनी बोनेटला हात लावण्याआधी विचारलं, "न्यूट्रलला टाकली की थांबते का?"

थांबत होती. निम्मं निदान तिथेच झालं.

गाडी टॉर्क कन्व्हर्टरची. आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्या एएमटी असतात. त्यांत ब्रेक दाबून उभं राहिलं की क्लच सुटलेला असतो, त्यामुळे डी काय आणि न्यूट्रल काय, इंजिनाला फारसा फरक पडत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन तेलामार्फत गिअरबॉक्सला रेटतच राहतं. चाकं ब्रेकने धरलेली, मग तो रेटा उलटून इंजिनालाच पिळतो. हा पीळ माउंटिंगच्या रबरांनी पेलायचा. आयडलिंगला, समजा ७५० आरपीएमवर, चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २५ स्फोट होतात. रबर धड असेल तर हे धक्के तिथेच जिरतात. बसलं, फाटलं की थेट बॉडीत आणि सीटमध्ये उतरतात.

मिसिंगची थरथर निराळी. एकच सिलिंडर दांडी मारत असेल तर इंजिन सेकंदाला सहाएक वेळा अडखळतं आणि गाडी लंगडल्यासारखी हलते. पण लोड आला की मिसिंगही वाढू शकतं, म्हणून मिस्त्रींनी स्कॅनर लावून पाहिलाच. मिसफायर कुठेच नव्हता. आरपीएमही स्थिर होता, म्हणजे इनटेकमधून हवा ओढत असण्याचा संशयही मिटला.

मग खरी परीक्षा. गाडीपुढे कुणी उभं नाही याची खात्री केली, पोऱ्याला आत बसवलं. हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर दाबून धरलेला. डी, मग रिव्हर्स, किंचित ॲक्सिलरेटर. इंजिन उजवीकडून चांगलं बोटभर उचललं गेलं आणि धप्पकन बसलं. बॅटरीच्या उजेडात त्या बाजूच्या माउंटिंगखाली काळा ओघळ दिसला. आत द्रव भरलेलं माउंटिंग होतं. द्रव गळून गेला होता.

माझ्या मते आपल्या गॅरेजांची मोठी खोड हीच: आधी पार्ट, मग प्रश्न. इथे प्रश्नांना पैसे पडले नाहीत.

नवं माउंटिंग नाना पेठेतून आलं. ऑइल संपखाली जॅक लावला, मध्ये लाकडाची फळी. नाहीतर संपच चेपायचा. जुनं निघालं, नवं बसलं, पण बोल्ट लगेच आवळले नाहीत. जॅक सोडून इंजिन आपल्या वजनाने बसू दिलं, हाताने थोडं हलवलं, आणि मग टॉर्क पाना फिरवला. इंजिन तिरपं असताना आवळलं तर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. ही पायरी फार जण गाळतात.

मालकांनी चक्कर मारली. परत आले ते खूश, तरी स्टिअरिंगवर तळवा ठेवून म्हणाले, "डीमध्ये अजून अगदी बारीक जाणवतंय."

"तेवढं कंपनीतूनच येतं," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "नवी घेतली तेव्हाही होतं. तेव्हा तुमचं लक्ष म्युझिक सिस्टीमकडे होतं."