बॅटरीची निगा : फोर्कलिफ्टपासून शाळेच्या इन्व्हर्टरपर्यंत

मोसम नदीच्या काठी वसलेले नामपूर हे बागलाण तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. कांद्याच्या हंगामात येथे लिलावासाठी ट्रॅक्टर व लहान मालवाहू गाड्यांच्या रांगा लागतात. या प्रत्येक वाहनात एक जड पेटी असते आणि वाहन सुरू होत आहे तोवर तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अशीच पेटी दुकानातील इन्व्हर्टरला जोडलेली असते, शाळेच्या संगणक कक्षात असते, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात असते. रस्त्यावर धावणाऱ्या अनेक ई-रिक्षाही अशा चार पेट्यांच्या बळावर चालतात. शिसे आणि गंधकाम्ल यांच्या साहाय्याने वीज साठविणारी ही बॅटरी ग्रामीण जीवनाचा एक भाग बनून गेली आहे.

या बॅटरीचे सर्वात मोठे रूप पाहावयाचे असेल, तर मालाची चढउतार जेथे यंत्राने होते तेथे जावे लागेल. शीतगृहे, गोदामे व फळांची प्रतवारी करून ती पेट्यांत भरणारी केंद्रे अशा ठिकाणी फोर्कलिफ्ट नावाचे वाहन आपल्या दोन लोखंडी दातांवर मालाची थप्पी उचलून इकडून तिकडे नेते. जेथे खाद्यपदार्थ साठविलेले असतात व हवा कोंडलेली असते, तेथे डिझेलचा धूर चालत नाही. म्हणून अशा जागी विजेवर चालणारी फोर्कलिफ्ट वापरली जाते. तिची बॅटरी अनेकदा एक टनाच्या घरात वजनाची असते व दातांवरील ओझ्याला तोल देण्याचे कामही तीच करते. अशा बॅटरीच्या चार्जिंगसाठी कारखान्यांतून काटेकोर नियम पाळले जातात. तेच रसायन शाळेच्या वा पंचायतीच्या खोलीत आले, की मात्र नियम विसरले जातात. ते नियम कोणते आणि त्यांमागील कारणे कोणती, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

पेटीच्या आत काय घडते

शिशाच्या बॅटरीचा शोध १८५९ साली गॅस्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने लावला. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, रचनेत सुधारणा झाल्या, तरी मूळ तत्त्व कायम आहे. बॅटरी अनेक विद्युतघटांची मिळून बनते व प्रत्येक घट सुमारे २ व्होल्ट दाब देतो. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत असे ६ घट असतात, तर फोर्कलिफ्टच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीत २४. प्रत्येक घटात शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्टिका सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज वापरली जाते तेव्हा आम्लातील गंधकाचा अंश पट्टिकांवर जाऊन बसतो व द्रव पातळ होतो. चार्जिंगच्या वेळी हीच क्रिया उलट घडून आम्ल पुन्हा तीव्र होते. हायड्रोमीटर नावाच्या काचेच्या साध्या उपकरणाने द्रवाचे विशिष्ट गुरुत्व मोजता येते आणि त्यावरून बॅटरी किती भरली आहे ते कळते. पूर्ण भरलेल्या फोर्कलिफ्टच्या बॅटरीत हा आकडा साधारणपणे १.२८ असतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत तो काहीसा कमी असू शकतो. म्हणून उत्पादकाने दिलेला आकडाच प्रमाण मानावा.

धोका शेवटच्या टप्प्यात

रिकामी बॅटरी निरुपद्रवी नसली, तरी खरा धोका ती भरत आल्यावर निर्माण होतो. आरंभी चार्जरकडून येणारी वीज पट्टिकांवरील रासायनिक क्रियेत खर्च होते. परंतु प्रत्येक घटाचा दाब २.४ व्होल्टच्या आसपास पोहोचला, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे १४.४ व्होल्ट झाला, की येणाऱ्या विजेचा वाढता भाग द्रवातील पाण्याचे विघटन करू लागतो. पाण्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू बाहेर पडतात. घटातून बुडबुड्यांचा आवाज येऊ लागतो, त्यालाच सामान्य भाषेत बॅटरी उकळणे असे म्हणतात.

हायड्रोजनला रंग नाही व वासही नाही. स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणे तो नाकाला इशारा देत नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगीने तो पेट घेऊ शकतो आणि ही ज्वलनशीलता सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत टिकते.

एका उदाहरणाने हे प्रमाण स्पष्ट होईल. समजा, ४८ व्होल्टच्या बॅटरीला ती भरत आल्यानंतर १०० अँपिअर-तास इतकी अधिक वीज दिली गेली. २४ घटांतून मिळून त्यामुळे सुमारे १ घनमीटर हायड्रोजन तयार होईल. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व पावणेतीन मीटरहून किंचित उंच अशा खोलीत सुमारे २५ घनमीटर हवा मावते. तिचे ४ टक्के म्हणजे नेमका १ घनमीटर. खोली पूर्ण बंद असेल, तर एका रात्रीच्या चार्जिंगने ती धोक्याच्या रेषेवर जाऊन पोहोचेल. हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका असल्याने तो प्रथम छताखाली साठतो, म्हणून तेथे ही मर्यादा त्याही आधी ओलांडली जाऊ शकते. इन्व्हर्टरची बॅटरी लहान असल्याने वायू कमी निघतो. परंतु ती बंद कपाटात किंवा जिन्याखालच्या अडगळीत ठेवली, तर त्या अरुंद जागेला हेच गणित लागू होते.

चार्जिंगची जागा कशी असावी

या गणितावरून जागेचे नियम आपोआप ठरतात. हायड्रोजनचे प्रमाण १ टक्क्याच्या आतच राहील इतकी हवा खेळती असावी. वायू वर जातो, म्हणून छतालगत झरोके हवेत आणि ताजी हवा आत येण्यासाठी खालच्या बाजूस वाट हवी. केवळ खालची खिडकी उघडून भागत नाही. मोठ्या खोलीत पंखा बसवावयाचा असल्यास तो ठिणगी न पाडणाऱ्या प्रकारचा असावा. फोर्कलिफ्टच्या बॅटरीवरील झाकण चार्जिंगच्या काळात उघडे ठेवतात, ते याच कारणासाठी.

या जागेत विडी, उदबत्ती, शेगडी वा वेल्डिंग यांना स्थान नसावे. शाळेत किंवा कार्यालयात बॅटरीच्या शेजारीच देव्हारा व समई असेल, तर दोहोंपैकी एकाची जागा बदलणे इष्ट. चार्जरच्या चिमट्यांबाबतही एक साधी शिस्त आहे. चार्जर आधी बंद करावा आणि मगच चिमटे काढावेत. चालू चार्जरचे चिमटे ओढून काढले की ठिणगी पडते, आणि ती नेमकी घटाच्या तोंडाशी, म्हणजे वायू सर्वाधिक असतो तेथे पडते.

पाणी कोणते व केव्हा

वायूच्या रूपाने जे बाहेर जाते ते बॅटरीतील पाणी असते. वरील उदाहरणातील एका रात्रीत सुमारे ८०० मिलिलिटर पाणी कमी होईल. ही तूट भरण्यासाठी ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड, अथवा क्षारमुक्त केलेले पाणीच वापरावे. विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार, क्लोराइड व लोह पट्टिकांची हानी करतात. नळाचे पाणी पिण्यास उत्तम असले, तरी बॅटरीस ते योग्य नाही. पाणी कमी झाले म्हणून वरून आम्ल ओतणे ही तर मोठीच चूक होय, कारण उडून गेलेले असते ते पाणी, आम्ल नव्हे.

पाणी घालण्याची योग्य वेळ चार्जिंग पूर्ण झाल्यानंतरची. चार्जिंगमध्ये द्रव तापून फुगतो व त्याची पातळी वाढते. आधीच काठोकाठ भरल्यास आम्लमिश्रित द्रव उतू जाऊन पेटीवर, फरशीवर व तारांवर पसरतो. पट्टिका उघड्या पडल्या असतील, तर चार्जिंगपूर्वी त्या बुडतील एवढेच पाणी घालावे आणि उरलेले नंतर.

तापमानाकडेही लक्ष हवे. द्रवाचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. मालेगाव-बागलाण परिसरातील उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ही मर्यादा लवकर गाठली जाते. अशा दिवसांत चार्जिंग रात्री किंवा पहाटे करणे हितावह ठरते.

आम्ल, डोळे व हत्यारे

बॅटरीपाशी काम करताना डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे व अंगावर आम्लरोधक एप्रन असावे. आम्ल अंगावर उडाल्यास भिजलेले कपडे त्वरित काढून ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी व लगेच दवाखाना गाठावा. डोळ्यात सोडा वा अन्य कोणतेही औषध स्वतः घालू नये. पहिली काही मिनिटे दृष्टीचे भवितव्य ठरवितात. म्हणून बॅटरीजवळ पाण्याचा नळ अथवा भरलेले पिंप असणे ही चैन नसून गरज आहे. फरशीवर सांडलेल्या आम्लासाठी मात्र खाण्याच्या सोड्याचे पाणी उपयुक्त ठरते. एक लिटर पाण्यात सुमारे १०० ग्रॅम सोडा हे प्रमाण पुरेसे आहे.

दुसरा धोका हत्यारांचा. बॅटरीच्या दोन टोकांवर लोखंडी पाना आडवा पडला, तर क्षणात प्रचंड विद्युतप्रवाह वाहतो, पाना लाल होतो व ठिणग्या उडतात. हातातील अंगठी किंवा कडे मध्ये सापडले तर गंभीर भाजते. त्यामुळे दागिने काढून, मुठीला वेष्टन असलेली हत्यारेच वापरावीत व बॅटरीवर कोणतीही वस्तू ठेवू नये. ज्या ट्रॅक्टरचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते, त्याची बॅटरी काढताना ऋण तार आधी सोडावी व बसविताना ती शेवटी जोडावी.

सुट्टीतील शाळा

बॅटरी वापराने झिजते, तशी ती दुर्लक्षानेही मरते. फोर्कलिफ्टच्या बॅटरीतील वीज ८० टक्क्यांहून अधिक वापरू नये, असा संकेत आहे. रिकाम्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे ठेवलेल्या बॅटरीच्या पट्टिकांवर शिशाच्या सल्फेटचे थर कठीण होतात व नंतर कितीही चार्ज केले तरी पूर्वीची शक्ती परत येत नाही. उन्हाळी सुट्टीत शाळेचा मुख्य खटका बंद करून जाण्याची पद्धत आहे. बॅटरी अर्धी रिकामी असताना असे केले, तर जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा ती निकामी झालेली आढळण्याचा संभव असतो. सुट्टीपूर्वी बॅटरी पूर्ण भरावी, पाण्याची पातळी राखावी, तिच्यावरील भार तोडावा आणि महिन्यातून एकदा तरी ती पुन्हा चार्ज करावी. एवढ्याने सार्वजनिक पैशाची मोठी बचत होते.

अलीकडे फोर्कलिफ्ट, ई-रिक्षा व इन्व्हर्टर यांत लिथियमच्या बॅटऱ्याही आल्या आहेत. त्यांना पाणी लागत नाही व नेहमीच्या चार्जिंगमध्ये त्या हायड्रोजन सोडत नाहीत. मात्र त्यांना त्यांचाच चार्जर लागतो, आणि फुगलेली वा ठेचलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. एका जातीचा चार्जर दुसरीला लावू नये.

निकामी बॅटरीचे काय करावे

आयुष्य संपल्यावरही बॅटरीचा धोका संपत नाही. तिच्यातील शिसे भंगाराच्या बाजारात मोलाचे असते. ते मिळविण्यासाठी काही ठिकाणी पेटी उघड्यावर फोडली जाते, आम्ल मातीत ओतले जाते आणि शिसे साध्या भट्टीत वितळविले जाते. त्याची धूळ व धूर आसपास खेळणाऱ्या मुलांच्या शरीरात शिरतात. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर विपरीत परिणाम होतो आणि रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रतिडेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम अथवा त्याहून अधिक होते. बॅटऱ्यांचे असे अनियंत्रित पुनर्चक्रीकरण हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे त्यात नमूद आहे.

भारतात याबाबत २००१ पासून नियम आहेत. त्यांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली असून, वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. ग्राहकानेही जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता अधिकृत संकलन व्यवस्थेकडेच सोपवावयाची आहे. नवी बॅटरी घेताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून तशी पावती घेणे हा पंचायत व शाळा यांच्यासाठी सर्वात सोपा मार्ग होय.

एक वही, एक जबाबदार व्यक्ती

कारखान्यातील फोर्कलिफ्टची बॅटरी सुस्थितीत राहते, याचे श्रेय महागड्या यंत्रांपेक्षा नोंदींना अधिक आहे. प्रत्येक घटाचे विशिष्ट गुरुत्व, पाणी घातल्याची तारीख व चार्जिंगची वेळ तेथे लिहून ठेवली जाते, आणि एखादा घट मागे पडू लागला की तो वेळीच ध्यानात येतो. गावातील संस्थांनाही हे सहज करता येईल. जडवस्तू नोंदवहीत बॅटरीची खरेदी नोंदली जाते, पण तिची निगा कोणी राखावयाची हे बहुधा कोठेच लिहिलेले नसते. ग्रामपंचायतीने ठराव करून एका कर्मचाऱ्याकडे हे काम सोपवावे. मुख्याध्यापकांनी विज्ञान शिक्षकांच्या मदतीने महिन्यातून एकदा तपासणी करावी. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हायड्रोमीटरचे आकडे दुरून पाहून वहीत उतरविले, तर पाठ्यपुस्तकातील रसायनशास्त्र त्यांना प्रत्यक्ष दिसेल. आम्ल हाताळण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे.

छतालगतचा झरोका, शुद्ध पाण्याची बाटली, चष्मा, रबरी मोजे, सोड्याची पुडी व नोंदवही, एवढ्या सामग्रीत हे सारे साधते. रात्री शाळेच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांचा आवाज येऊ लागला, तर बॅटरी भरत आली आहे व खोलीला हवा हवी आहे, हे ओळखणारा एक तरी माणूस प्रत्येक संस्थेत असला पाहिजे.