पीळदार देहांचे जाडजूड ग्रंथ

पुढे औंध संस्थानचे अधिपती झालेले भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ साली युजेन सँडोची व्यायामाची साधनं आणि पुस्तकं विकत घेतली. ती कपाटात पडून राहिली नाहीत. दहा वर्षं त्यांनी सँडोच्या सूचनांबरहुकूम नेमानं व्यायाम केला, आणि मग सूर्यनमस्कारांकडे वळून जन्मभर त्यांचाच प्रसार केला. शरीरसौष्ठवाचे नामांकित ग्रंथ विकत घ्यावेत का, असं आजही जिममधली तरुण मुलं विचारतात. त्यांच्यासमोर मी भवानरावांचं उदाहरण ठेवतो. पुस्तक घ्यावं, अंगावर पारखून पाहावं आणि त्याची मर्यादा कळली की पुढे जावं.

सँडोपासूनच सुरुवात करायला हवी, कारण या प्रकारच्या पुस्तकांचे गुण आणि दोष त्याच्याकडे एकाच जागी सापडतात. १८६७ साली कोनिग्सबर्गला जन्मलेल्या या माणसाचं मूळ नाव फ्रीड्रिख विल्हेल्म म्युलर. त्याचं ‘स्ट्रेंग्थ अँड हाउ टु ऑब्टेन इट’ १८९७ साली निघालं. त्यात हलक्या डंबेलचे व्यायाम, वयोगटांप्रमाणे आखलेले तक्ते आणि शिष्यांची छायाचित्रं आहेत. घरच्या घरी, थोड्या वेळात, कुणालाही करता येईल अशी ही पद्धत. पण सँडोचं स्वतःचं शरीर काही एवढ्यावर घडलेलं नव्हतं. प्रोफेसर अटिला या नावानं प्रसिद्ध असलेल्या लुई डर्लाखरच्या हाताखाली त्यानं भारी वजनं उचलली होती, आणि रंगमंचावर तो तीच उचलून दाखवायचा. हलकी डंबेलं आणि स्प्रिंगची साधनं मात्र विकली जात होती. म्हणून असा कुठलाही ग्रंथ हातात आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो: लेखकानं स्वतः काय केलं, आणि वाचकाला काय विकलं? या दोहोंतलं अंतर जितकं जास्त, तितकी वाचकानं सावधगिरी बाळगावी.

पुढे अमेरिकेत हे अंतर वाढतच गेलं. चार्ल्स अ‍ॅटलसनं टपालानं व्यायामाचे धडे विकले. जो वायडरच्या मासिकांमध्ये व्यायामाचा सल्ला आणि त्याच्याच कंपनीच्या प्रथिनांच्या डब्यांच्या जाहिराती शेजारी शेजारी असत. त्या काळच्या पुस्तकांतला आहाराचा भाग वाचताना हे विसरून चालत नाही.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा ग्रंथ. अर्नोल्ड श्वार्झनेगरनं बिल डॉबिन्सच्या साथीनं लिहिलेला शरीरसौष्ठवाचा कोश १९८५ साली आला आणि १९९८ साली त्याची सुधारित, सुमारे आठशे पानांची आवृत्ती निघाली. सँडोचा दोष अर्नोल्डमध्ये नाही. त्यानं आपण काय केलं ते खरोखर लिहिलं आहे, आणि नवशिक्याला नेमका तोच धोका आहे. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा व्यायामाची ‘डबल स्प्लिट’ पद्धत, एकेका स्नायूसाठी सेटवर सेट, हे सगळं जागतिक विजेतेपदाच्या तयारीचं वेळापत्रक आहे. शिवाय डायनाबॉल हे स्टेरॉइड १९५८ साली अमेरिकेच्या बाजारात आलं होतं, आणि आपण स्पर्धांच्या काळात स्टेरॉइड घेतली होती हे अर्नोल्डनं नंतर उघडपणे मान्य केलं आहे. अशा औषधांमुळे शरीराची प्रथिनं बांधण्याची गती वाढते, थकलेला स्नायू लवकर सावरतो आणि जास्त सेट पचतात. दिवसभर नोकरी करून, सहा तास झोपून, पोळीभाजीचा डबा खाणाऱ्या मुलानं तेच वेळापत्रक उचललं तर दोन महिन्यांत त्याचे खांदे दुखायला लागतात. मग तो स्वतःलाच कमकुवत समजतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरीही हा ग्रंथ घ्यावा असंच मी सांगेन. प्रत्येक व्यायाम कुठून सुरू करायचा आणि कुठे संपवायचा हे त्यातल्या छायाचित्रांमधून स्पष्ट कळतं. ‘मुंबई श्री’ किंवा ‘महाराष्ट्र श्री’साठी उभं राहणाऱ्याला त्यातला पोझिंगचा भाग फार मोलाचा आहे. रंगमंचावर देह दाखवण्याची कला इतक्या तपशिलानं फार कमी ठिकाणी लिहिली गेली आहे. पदपथावर मिळणारी अंधूक छायाप्रत मात्र घेऊ नये. चित्रं दिसणार नसतील तर उरतं ते वेळापत्रकच, आणि नको असतं तेही तेच.

बिल पर्लचा ‘कीज टु द इनर युनिव्हर्स’ याहून वेगळा. १९५३ ते १९७१ या काळात चार वेळा ‘मिस्टर युनिव्हर्स’ झालेल्या पर्लनं त्यात स्नायूंच्या क्रमानं दीड हजारांहून अधिक व्यायाम सचित्र मांडले आहेत. प्रशिक्षकानं हा ग्रंथ जरूर संग्रही ठेवावा. एखाद्याचं मनगट दुखतंय, एखाद्याकडे बारबेलच नाही, अशा वेळी दुसरा व्यायाम त्यात हमखास सापडतो. नवशिक्याला त्याची गरज नाही. त्यानं स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट, पुलअप नीट शिकावेत. पर्ल पुढे मांसाहार सोडून अंडी-दुधावर राहिला, हे आपल्याकडच्या शाकाहारी मुलांच्या कानावर घालावंसं वाटतं.

पहिलंच पुस्तक घ्यायचं असेल, तर माझी निवड फ्रेडरिक डेलाविएच्या सचित्र पुस्तकाची आहे. चित्रकार आणि स्वतः पॉवरलिफ्टर असलेल्या या फ्रेंच माणसानं व्यायाम करणाऱ्या शरीराचे त्वचेखालचे स्नायू त्यात रेखाटले आहेत. मांडीचं हाड लांब असलेला माणूस स्क्वॉटमध्ये जास्त पुढे का झुकतो, हे त्याच्या एका चित्रातून समजतं. पाठ सरळ ठेव म्हणून त्या माणसावर ओरडण्यात अर्थ नसतो, हेही मग प्रशिक्षकाच्या लक्षात येतं.

या ग्रंथांमध्ये टिकाऊ काय आणि शिळं काय, याची विभागणी बरीचशी करता येते. स्नायूंची रचना बदलत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करी रुग्णालयात डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे पाय क्रमाक्रमानं वजन वाढवत पुन्हा बळकट केले. दहा-दहा आवर्तनांच्या सेटचा त्यांचा हिशोब आजही जिममध्ये चालतो. आहाराची प्रकरणं मात्र सोडून द्यावीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ४९ प्रयोगांचा एकत्र विचार करणाऱ्या विश्लेषणात असं दिसलं, की दिवसाला दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिनं वाढवून स्नायूंना सहसा जास्त फायदा होत नाही. साठ किलोच्या माणसाला शंभरेक ग्रॅम पुरतात. पोटाचे व्यायाम केले की पोटाचीच चरबी उतरते, हे अनेक जुन्या पुस्तकांतलं आश्वासनही खोटं ठरलं आहे.

आणि मराठी वाचकानं घ्यावा असा खरा मोठा ग्रंथ मराठीतच आहे. द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला आणि १९५० साली त्याचं एकखंडी इंग्रजी रूपही काढलं. जोर, बैठका, मल्लखांब, जोडी, कुस्तीचे डाव, लाठी, बोथाटी, फरीगदका असं सगळं त्यात सचित्र नोंदवलेलं आहे. सँडो आपली पद्धत सांगतो, अर्नोल्ड आपलं आयुष्य सांगतो. मुजुमदारांनी मात्र उस्तादांकडे तोंडी चालत आलेली विद्या कागदावर उतरवली, तीही तालमी ओस पडण्याच्या आधी. ज्या डावाचा जाणकार आज गावात उरलेला नाही, तो डाव तिथे पायाच्या ठेवणीसकट सापडू शकतो. कुठल्याही विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षण विभागाला अभिमान वाटावा असं हे काम आहे, आणि ते एका माणसानं चिकाटीनं तडीस नेलं.

सँडोची पुस्तकं आता कुणाच्याही हक्कात नाहीत, ती फुकट वाचायला मिळतात. त्यांच्या महागड्या पुनर्मुद्रणांवर पैसे घालू नयेत. तेच पैसे ज्ञानकोशाच्या एखाद्या सुट्या खंडासाठी राखून ठेवावेत. रद्दीत किंवा बंद पडलेल्या वाचनालयाच्या विक्रीत असा खंड दिसला, तर बांधणी खिळखिळी असली तरी घ्यावा. फक्त पैसे देण्याआधी चित्रांची पानं उलटून तपासावीत. जुन्या प्रतींमधून आधी तीच फाडलेली असतात.