आपलेच पहारेकरी

मराठी शिकवणाऱ्याने रक्तपेशींवर लिहावे, हे वाचकांना विचित्र वाटेल. पण माझ्या भाचीच्या तान्ह्या मुलाला घेऊन परळच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि हा विषय आमच्या घरातच येऊन बसला.

मूल पाच महिन्यांचे. जुलाब थांबेनात, अंगभर इसब, आणि त्या वयात मधुमेह! एका डॉक्टरांनी दुधाला दोष दिला, दुसऱ्यांनी हवेला. अखेर रक्त गेले के. ई. एम.च्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत. १९५७ साली रक्तगटांचे केंद्र म्हणून निघालेली ही संस्था. निदान झाले : 'आयपेक्स'.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असे सांगितले. टी-पेशी हे शरीराचे शिपाई. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी ही त्यांची शाळा. परीक्षा एकच : आपले कोण, परके कोण? आपल्यांवरच शस्त्र उगारणारा तिथेच बाद. पण परीक्षा म्हटली की काही नालायक पास व्हायचेच. वीस वर्षे पेपर तपासणाऱ्या मला हे काय सांगावे! त्यांना आवरायला निराळे पहारेकरी असतात. ते १९९५ साली जपानच्या साकागुचींनी दाखवून दिले. त्यांना घडवणारे 'फॉक्स-पी-३' हे जनुक बिघडले की आयपेक्स होतो, हे २००१ साली उमगले. या कामाला २०२५ चे नोबेल मिळाले.

आमच्या बाळाचे तेच जनुक बिघडलेले. पहारेकरी नावापुरते, शिपाई मोकाट सुटले आतड्यावर, कातडीवर, स्वादुपिंडावर.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बाईजवळ दोन एक्स; एक बिघडले तरी दुसरे सांभाळून घेते. मुलग्याजवळ एकच. म्हणून आई ठणठणीत आणि मुलगा आजारी.

मग ताईचेही रक्त तपासले. तिच्यातही तोच दोष! भाचीच्या आधी ताईला एक मुलगा झाला होता. गिरगावच्या आमच्या चाळीत तो सातव्या महिन्यात गेला. तेच जुलाब, तेच इसब. 'आईचे दूध बाधले,' असे चाळीने ठरवले आणि माझ्या बहिणीने पस्तीस वर्षे ते निमूट खरे मानले. त्या बाळाचे रक्त आता कुठून आणावे? पण बाई म्हणाल्या, "बहुधा तेच असावे."

लालबागला जाऊन ताईला सांगितले. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

"म्हणजे दूध नव्हे ना रे?"

"नव्हे, ताई."

"मग रक्त माझे वाईट."

"अगं, मिळाले ते पुढे गेले. तू का ते निवडून घेतलेस?"

ती काही बोलली नाही.

बाळाला सध्या शिपायांना आवरणारी औषधे चालू आहेत. अस्थिमज्जा बदलली तर नवे पहारेकरी मिळतील. जुळणाऱ्या दात्याचा शोध चालू आहे.

आणि ताई? दुसऱ्याच दिवशी ती एकटी बसने दादरला, लेकीच्या सासरी गेली. विहिणीला एवढेच म्हणाली, "काहीही म्हणा, पण तिच्या दुधाला नाव ठेवू नका."