सुईच्या वाटेनं

रफूगराचं काम तुम्ही पाहिलं असेल. शेरवानीला भोक पडलं म्हणून तो सगळी शेरवानी उसवत नाही. उजेडात धरून जागा न्याहाळतो आणि बारीक सुई तेवढ्याच ठिकाणी चालवतो. वैद्यकशास्त्रातही अशी एक शाखा आहे. तिचं नाव इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी. नाव जड, पण काम समजण्यासारखं आहे. शरीराचं आतलं चित्र पडद्यावर बघत बघत, मोठी चीर न घालता, सुई किंवा बारीक नळी नेमक्या जागी पोचवायची. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कॅमेरा आत जातो. इथे एक्स-रे, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन बाहेरून वाट दाखवतात. मी डॉक्टर नाही, बी.ए. झालेला कवी आहे. मला उमगलं तेवढं सांगतो.

1895 साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि आतलं दिसू लागलं. पण दिसणं वेगळं, तिथं पोचणं वेगळं. 1953 साली स्वीडनच्या सेल्डिंगर या तरुण डॉक्टरनं एक साधी युक्ती मांडली. पोकळ सुई रक्तवाहिनीत घालायची, तिच्यातून लवचीक तार सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत न्यायची. मग तारही काढायची. तोवर जाड सुई वापरावी लागे किंवा रक्तवाहिनी कापून उघडी करावी लागे. आजही बहुतेक अशा उपचारांची सुरुवात याच युक्तीनं होते.

पुढची गोष्ट अमेरिकेतल्या पोर्टलंडची. जानेवारी 1964. ब्याऐंशी वर्षांच्या एका बाईंचा पाय रक्त न पोचल्यानं सडू लागला होता. पाय कापावा, असा डॉक्टरांचा सल्ला होता. बाई काही केल्या तयार होईनात. तेव्हा चार्ल्स डॉटर या डॉक्टरांनी मांडीतल्या अरुंद झालेल्या धमनीतून तार नेली आणि तिच्यावरून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवून वाट रुंद केली. पाय गरम झाला, वाचला. बाई स्वतःच्या पायांवर चालल्या. 1977 साली झुरिकमध्ये ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून तशीच वाट मोकळी केली. आपल्या घराघरांत पोचलेली अँजिओप्लास्टी ती हीच.

आता या वाटेनं कितीतरी कामं होतात. यकृतातला पू सोनोग्राफीत बघून नळीनं काढतात. गर्भाशयातल्या काही गाठींचा रक्तपुरवठा आतूनच बंद करतात. पक्षाघातात मेंदूच्या मोठ्या धमनीत अडकलेली गुठळी, रुग्ण वेळेत पोचला तर, मांडीतून किंवा मनगटातून नेलेल्या नळीनं ओढून काढता येते.

आणि निदान! आमच्या नात्यातल्या एका खालाजानना डॉक्टरांनी गाठीची बायोप्सी सांगितली, तर घरात एकच गलका झाला: ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो!’ ही भीती मी सगळ्या जातिधर्मांच्या घरांत ऐकली आहे. खरं असं, की सुईमुळे रोग पसरणं फार विरळा, आणि तशी शंका असलेल्या गाठींबाबत डॉक्टर आधीच वेगळी वाट धरतात. गाठ न तपासता महिनोन्‌महिने घरी बसणं, हा धोका मात्र कितीतरी मोठा. खालाजाननी आम्हाला गप्प केलं आणि म्हणाल्या, ‘नाव तरी कळू द्या दुश्मनाचं.’

चीर लहान म्हणजे धोका नाहीच, असं नव्हे. रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो. चित्रासाठी टोचलेल्या औषधाची कुणाला ॲलर्जी येते, कुणाच्या मूत्रपिंडावर ताण पडतो. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, किडनीचा विकार, ॲलर्जी, गर्भारपण, काहीही लपवू नका. प्रत्येक रोगाला ही वाट चालतही नाही. कधी शस्त्रक्रियाच बरी असते.

पण मोठं ऑपरेशन सांगितलं, तर एक प्रश्न अदबीनं जरूर विचारा: ‘डॉक्टरसाहेब, हे सुईच्या वाटेनं होण्यासारखं आहे का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तरी का नाही ते समजेल. ‘हो’ आलं, तर कदाचित एखाद्याचा पाय वाचेल.